डिस्कला कुंकू

"सरक की बाई, माझ्या पायावर उभी हायस. अन् ह्यो बाबा कावून एवढा वेळ लावतोय? माझा भात चुलीवर हाय," कौशल्याबाई शिवगंगाच्या कानाशी कुरकुरली.

युसूफ वडगावच्या त्या फोटो स्टुडिओत पाय ठेवायला जागा नव्हती. दुकान शिवगंगाचं, पण आज तिलाच दारापाशी लोटलेलं. आत बिभीषण महाराज कॉम्प्युटरला ऊद दाखवत होते. संसारात असताना महाराज तालुक्याला कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. मग ज्ञानप्राप्ती झाली आणि मजुरीची दक्षिणा झाली.

"या यंत्रात डिस्का दोन!" महाराज गरजले. "एकीत फोटू, दुसरीत आत्मा! दिपालीचा!"

गर्दी शहारली. शहारायलाच तर आली होती.

सुभद्राबाई ऊसतोडीला निघायची होती. जाण्याआधी तिला मेलेल्या लेकीचा, दिपालीचा, एक फोटो हवा होता. लग्नात काढलेले तेवढेच फोटो, आणि तेही याच कॉम्प्युटरात. खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी शिवगंगानं बटण दाबलं, तर पडदा काळा. महाराजांना बोलावलं. त्यांनी कीबोर्डवर उपरणं पसरलं, हात खाली सारून मंत्र म्हटला, आणि पडदा उजळला! महाराजांची पाठ वळली, लाइट जाऊन आली, तर पडदा पुन्हा काळा. आता उपाय एकच निघाला होता: पोरीचे समदे फोटो पुसून टाका, तरच तिला मुक्ती.

"टाका की पुसून," दोघं-तिघं लगेच म्हणाले. त्यांना घाई जरा जास्तच होती. दिपाली कशी गेली, हे गावात कुणी काढत नसे. लग्नात मात्र सगळे जेवले होते.

"एक तरी ठिवा, महाराज," भिंतीला टेकलेली सुभद्राबाई म्हणाली. "मी कुनाला दाखवनार न्हाई."

पुसायचं तर आधी पडदा उजळायला हवा; महाराजांनी उपरणं पसरलं, मंत्र सुरू केला. शिवगंगा कान देऊन ऐकत होती. तोंडात मंत्र होता, पण उपरण्याखाली टक टक टक चाललं होतं. देवाला बटणं कशाला दाबावी लागतात?

ती गर्दीतून पुढे घुसली. "महाराज, उपरणं काढून म्हणा की मंत्र."

"जळून जाशील, माय!"

"दुकान माझं हाय. जळू द्या."

तिनं उपरणं ओढलं. महाराजांचं बोट वरच्या रांगेतल्या एका बटणावर होतं आणि पडद्यावर प्रश्न होता: पहिल्या डिस्कवरून सुरू करू, की दुसरीवरून?

शिवगंगानं वीज बंद करून कॉम्प्युटरचा डबा उघडला. दोन्ही डिस्कांवर हळद-कुंकवाची बोटं!

"मामंजी, या तुमी बाहेर काढल्या हुत्या?"

तिचे सासरे पंचाक्षरीअप्पा ताठ झाले. "खंडेनवमीला कॅमेरा पुजायचा, कात्री पुजायची, अन् यांनी काय घोडं मारलं? पाटावर मांडल्या, पुजल्या, परत बसवल्या."

"बसवल्या खऱ्या, पण अदलाबदल झाली." ती लोकांकडे वळली. "या दोघी एकमेकींचा आरसा हायत. एकीत ठेवलेला फोटो आपसूक दुसरीतबी उतरतो, म्हंजे एक बिघडली तरी फोटो जात न्हाईत. मागल्या साली एक बदलली. फोटो तिच्यात उतरले, पण मशीन चालू करायचा भाग टाकायचा राहिला. तो जुनीवरच हाय. मशीन आधी पहिल्या जागेवरच बघतं, अन् तिथं आता नवी बसलीय. महाराज बटण दाबून त्याला दुसरीकडं बघायला लावतेत, एवढाच मंत्र."

तिनं वायरी काढून डिस्का आपापल्या जागी जोडल्या आणि वीज लावली. कीबोर्डला कुणी हातही लावला नाही. पडदा उजळला.

"बघा, आत्मा शांत झाला!" महाराज चटकन म्हणाले.

"त्यो वायर जोडल्यावरच कसा शांत झाला, महाराज?" मागून कुणीतरी विचारलं. हशा पिकला. महाराज उपरणं गोळा करू लागले.

शिवगंगानं फोटो उघडला. मोठ्या मुंडावळ्यांखाली एवढासा चेहरा. लोकांचं हसू विरलं.

"पर पोरीला बाधा झालती म्हनत्यात..." कौशल्याबाई चाचरत म्हणाली.

सुभद्राबाई पडद्याजवळ आली.

"बाबाला कशाला इचारता? मला इचारा. पंधरा वर्सांची हुती माझी दिपा. लगीन आमी लावलं, तुमी जेवलात. बाळंतपनात उसाच्या फडातच गेली. भूत न्हाई, बाधा न्हाई. आपुन मारली तिला."