एका पत्तीवर चाललेला पाइप

मित्रांनो, मी एक जुना आयरिश पाइप आहे, पिशवीतल्या हवेवर वाजणारं वाद्य. घरी बनवलेला. आयर्लंडमध्ये क्लेअरच्या किनाऱ्याजवळ फेस्टस हेहिर नावाचा गाडीची चाकं करणारा सुतार होता, त्याने मला घडवलं. वादळात पडलेल्या सफरचंदाच्या झाडातून माझी सुरांची नळी निघाली, लॉरीच्या ट्यूबमधून पिशवी आणि जुन्या खोगिराच्या चामड्यातून भाता. मला तोंडाने फुंकत नाहीत. एका कोपराने भाता हलवायचा, दुसऱ्याने पिशवी दाबायची. तोंड मोकळं राहतं, म्हणून फेस्टस वाजवता वाजवता शेजाऱ्यांशी भांडत असे.

माझा आवाज मात्र पत्तीत आहे. सनईला असते तशी बोरूची दुहेरी पत्ती नळीच्या माथ्यात, टोपणाखाली बसते. फेस्टसने पुष्कळ पत्त्या केल्या आणि वाटून टाकल्या. तो गेला तेव्हा माझ्यात होती तेवढी एकच उरली.

तो जाऊन महिना झाला की चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना व्हायची होती, त्यानंतर शेजारी घरी चहाला येणार होते. त्या वेळी मुलीने बापाची चाल वाजवावी, असं फेस्टसच्या बायकोला, ऑनरला वाटत होतं. मुलगी डेलिया शेजारच्या पॅकी टब्रिडीच्या पाइपवर शिकली होती. मला तिने कधी हात लावला नव्हता. बाप जिवंत असताना मी त्याच्याच मांडीवर असे.

तिने मला घेतलं. वरचे सूर नीट आले. खालच्या सुरांना मी घरघरलो, मग किंचाळलो. पॅकीला बोलावलं. त्याने पिशवी पाण्यात बुडवून पाहिली, बुडबुडा आला नाही. सांधे नव्याने दोऱ्याने आवळले. घरघर तशीच.

"पत्ती गेली," पॅकी म्हणाला. "खरवडतो जराशी."

"आणि जास्त खरवडली गेली तर?"

"तर गेली. खरवडलेलं परत चिकटत नाही, पोरी."

"मग काका, तुमचा हात थरथरतो का, ते आधी बघू दे."

"माझा हात तुझ्या बापापेक्षा बरा. तो पत्त्या कुऱ्हाडीने करायचा."

डेलिया हसली, पण टोपण काढलं. पत्ती बाहेर आली. बापाचा आवाज म्हणून जे काही उरलं होतं, ते तिच्या तळहातावर होतं, नखाएवढं. पॅकीने चाकू उघडला.

ऑनर टेबलावर पाव कापत होती. तिने लेकीच्या हाताकडे पाहिलं.

"तुझ्या या बोटावर अर्धंच वर्तुळ का गं?"

"कसलं वर्तुळ?"

"भोकांचं. तुझे बाबा वाजवून जेवायला बसले की त्यांच्या बोटांवर पुरी वर्तुळं उमटलेली असायची. मी म्हणायची, तुमच्या अंगठ्या बघा, माझ्या वाटणीला मात्र एकच आली."

डेलियाने दोन्ही हात उलटे केले. भोकं झाकणाऱ्या बाकी बोटांवर पुरं वर्तुळ होतं. डाव्या हाताच्या अनामिकेवर चंद्रकोर.

पॅकीने चाकू मिटला. "फेस्टसचं ते बोट वाकडं होतं," तो सावकाश म्हणाला. "चाकाखाली सापडलेलं. त्याने भोक स्वतःच्या बोटाच्या मापाने पाडलंय, आणि मी इथं बिचाऱ्या पत्तीला फाशी द्यायला निघालोय."

तिने पत्ती परत बसवली, नळी मांडीवर टेकवली, ते बोट आडवं करून पेराने भोक झाकलं. खालचा सूर सरळ निघाला. मला त्यात विशेष वाटलं नाही. वारा गळायचा थांबला, एवढंच.

प्रार्थनेच्या रविवारी तिने चाल वाजवली. दोन ठिकाणी बोट घसरलं. लोकांनी चहा थांबवून ऐकलं. ऑनर खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मित्रांनो, एखादी वस्तू तुमच्या हातात बेसूर झाली, तर पिशवी पाहा, सांधे पाहा, मग स्वतःचा हात पाहा. चाकू सगळ्यात शेवटी. आणि शेवट येतोच, हेही लक्षात ठेवा. बोरू झिजतो. डेलिया आता पॅकीकडे पत्त्या करायला शिकते आहे. तिच्या पहिल्या पत्त्या बदकासारख्या ओरडल्या. कालची एक बरी होती. ती माझ्यात बसवून तिने एक सूर धरला. तो फेस्टसचा नव्हता. तिने तो बराच वेळ ऐकला, मग बापाची पत्ती कापसात गुंडाळून ठेवली आणि वाजवत राहिली.