पाणी समिती बरखास्त

भोईवाड्यातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर नळाला पाणी चढत नव्हतं, म्हणून दोन वर्षांपूर्वी चाळीने पाच जणांची पाणी समिती नेमली. दर रविवारी ती तिसऱ्या मजल्यावरच्या जाईबाईंच्या खोलीत बसे. चहा जाईबाईंचा, आणि त्या चहाचं पाणीही त्यांनीच तळमजल्यावरून कळशीने वर आणलेलं.

समितीचे प्रमुख धोंडू परब, गिरणीतले जुने फिटर. चाळीत त्यांचा शब्द कुणी मोडत नसे.

त्या रविवारी जाईबाई कपबश्या न मांडता दारातच उभ्या राहिल्या. त्यांची लेक मेघना पुढच्या महिन्यात बाळंतपणाला यायची होती. पण सकाळीच ती फोनवर म्हणाली, "आई, तुझे गुडघे हे असे. माझं नि बाळाचं पाणी कोण भरणार? मी भायखळ्याला सासरीच राहते." पहिलटकरीण लेक आणि माहेरी येणार नाही!

धोंडूंनी वही उघडली. "तर, मागच्या सभेत ठरलं की पंप बघायचा."

"त्याच्या मागच्या सभेतही तेच ठरलं होतं, भावजी," जाईबाई म्हणाल्या. "गणपतीपासून पाइपाला हात कुणी लावला, तेवढं सांगा."

समितीतला सगळ्यात धाकटा दीपक पंख्याकडे बघत बसला.

"नसेल लावला तर मोडा ही समिती."

"काकी, असं काय बोलता!" दीपक दचकला. "धोंडूकाकांना काय वाटेल?"

"मला?" धोंडूंनी चष्मा काढला. "अरे, मला वाटायचं, तुम्हा पोरांना हौस आहे. मी नाही आलो तर हिरमुसाल, म्हणून येतो."

"आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आम्ही येतो! माझं रविवारचं क्रिकेट बुडालं ना, काका."

जाईबाईंना हसावं की रडावं कळेना. "छान! दोन वर्षं एकमेकांची मनं राखलीत. माझे गुडघे कुणी राखायचे?"

धोंडूंचा चेहरा उतरला. त्यांनी वही मिटली. "चुकलं, वहिनी. गिरणीत बंद मशीनभोवती आम्ही कधी सभा भरवली नाही. समिती मोडली. दीपक, पाना आण."

बाकीचे तिघे सुटल्यासारखे घरी गेले. दुपारपर्यंत या दोघांनी दुसऱ्या मजल्यावरचा पाइपाचा सांधा खोलला. आत करंगळी जाणार नाही इतका गंज! पंप धडधाकट होता.

चार दिवसांत नवा सांधा बसला. जाईबाईंच्या नळातून आधी तांबडं, मग स्वच्छ पाणी आलं.

"धार बारीक आहे," धोंडू म्हणाले. "वरचा पाइपही बदलावा लागेल. मंगळवारी येतो."

"कोण कोण?"

"मी नि दीपक. बस्स."

जाईबाईंनी नळाखाली बादली सरकवली आणि मेघनाला फोन लावला. "बॅग भर गो. जावईबापूंना मीच सांगते."