पालथी फळी

वान-रूनं बशी दिव्यासमोर तिरपी धरली आणि तळाच्या बाजूनं एकेका भोकावर पेनाचा ठिपका द्यायला सुरुवात केली. ठिपका दिलेलं भोक पुन्हा मोजायचं नाही, हे को सरांनी सकाळीच बजावलं होतं. बशीत खरवसासारखा पातळ थर होता. तो जिवाणूंचा. त्यात जिथे जिथे विषाणूंनी फडशा पाडला होता, तिथे मोहरीएवढी स्वच्छ भोकं पडली होती. जितकी भोकं कमी, तितका त्या बशीत घातलेला अर्क गुणी.

"अठ्ठ्याऐंशी," ती म्हणाली.

"तीन नंबर, अठ्ठ्याऐंशी." को सरांनी भिंतीवरच्या फळ्यावर आकडा लिहिला. चाळीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवल्यामुळे त्यांचे आकडे अजून मागच्या बाकावरून वाचता येतील असे होते.

"ए बाई, दमानं," तिंग-फा म्हणाला. त्याचं खाली गल्लीत स्कूटर दुरुस्तीचं दुकान. जुन्या फ्रिजमधून जिवाणू वाढवायची गरमपेटी त्यानंच बनवली होती आणि यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून इकडे ठेवतात तसा पेटीच्या डोक्यावर हिरव्या पुड्यातला खाऊही त्यानंच ठेवला होता. "युए-थाओ मावशी असती तर म्हणाली असती, पोरगी भोकं मोजतेय की तांदूळ निवडतेय!"

"तांदूळ निवडायला तिनं मला कधी लावलंच नाही. म्हणायची, तू खडे ठेवतेस नि तांदूळ फेकतेस."

तिंग-फा मोठ्यानं हसला.

भूमिदेवाच्या देवळाच्या माडीवर गल्लीतल्या लोकांनी चालवलेली ही प्रयोगशाळा. माणसाला बाधणारे विषाणू इथे आणायचे नाहीत हा पहिला नियम. फक्त जिवाणू खाणारे. दुसरा नियम असा, की अर्क बनवणाऱ्यानं कुप्यांवर नुसते नंबर टाकायचे, कुठल्या नंबरात काय हे कागदावर लिहून पाकीट देवळाच्या पुजाऱ्याकडे द्यायचं. दर फेरीचे आकडे सगळ्यांना दिसतील असे फळ्यावर जायचे. तीन फेऱ्या झाल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही, नि कुप्यांबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही.

या आठ कुप्या वान-रूच्या आईच्या, युए-थाओच्या. ती देवळासमोर पाल्याचा चहा विकायची. दोन फेऱ्या तिच्या डोळ्यांदेखत झाल्या. तिसरीआधी ती गेली. मोजायला बाहेरचं, नवं माणूस हवं होतं, आणि को सरांनी फोनवर भीत भीत विचारलं होतं, "तू मुद्रितं तपासतेस ना? डोळा बसलेला असेल." तैपेईहून यायला वान-रू लगेच तयार झाली, तेव्हा त्यांनाच नवल वाटलं.

तिला एकच गोष्ट हवी होती. त्या गुरुवारी आईचा फोन आला होता. नुसती कणकण आहे म्हणाली, आणि वर लेकीलाच विचारलं, "तुझा आवाज का असा? घसा बसलाय?" शनिवारी वान-रू पोचली तेव्हा आई तापानं फणफणली होती. उशाशी तिवईवर चहाचा थर्मास. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायला हवं होतं. चौथ्या दिवशी सगळं संपलं. घरी येऊन तिनं तो थर्मास मोरीत उपडा केला. काठोकाठ भरलेला होता. ओतताना बोटं चिकट झाली. आणि अंत्यविधीला, सगळ्या नातेवाइकांसमोर, ती मामीला म्हणाली होती, "चहाच्या भरवशावर राहिली ती. त्या चहानं मारलं तिला."

बोलून तर गेली. आता ते खरं होतं का, एवढंच तिला बघायचं होतं.

"पाच नंबर," ती म्हणाली. बशी तिनं दोनदा फिरवून पाहिली. "नऊ. फक्त नऊ भोकं."

तिंग-फानं मांडीवर थाप मारली. "मागच्या दोन्ही वेळी तेच! पाच म्हणजे मावशीच. लावता पैज?"

"तोंड आवर," को सर म्हणाले. पण त्यांचेही कान लाल झाले होते.

आठही बशा संपल्या तेव्हा दिव्याच्या उबेनं तिच्या हाताखालच्या फळीला कापराचा मंद वास सुटला होता. बशा मांडायला भिंतीलगत ठोकलेली लांब, गुळगुळीत फळी. हा वास ओळखीचा का वाटतो, ते तिला उमगेना. तिंग-फा खाली जाऊन पाकीट घेऊन आला. त्यावर उदबत्तीची राख होती. को सरांनी ते तिच्याच हातात दिलं.

आईचं अक्षर. एक, साधं पाणी. तीन आणि आठ, माझा चहा. पाच, को सरांनी दिलेला दाट काळा चहा. बाकीच्यांत एकेकटा पाला.

को सरांनी चष्मा काढला. "तो मीच घालायला सांगितला होता. त्यातला तुरटपणा समोर येईल त्याला चिकटतो, विषाणू काय नि दुधाची साय काय. खोटा विजेता कसा दिसतो ते कळावं म्हणून." मग हळूच म्हणाले, "पाण्याच्या बशीत शहाऐंशी. तिच्या चहात अठ्ठ्याऐंशी आणि चौऱ्याऐंशी. फरक नाही, पोरी."

म्हणजे ती बोलली तेच खरं. वान-रू कागदाची घडी घालू लागली. तिची नजर फळ्यावर गेली. पहिली फेरी, मे. दुसरी फेरी, जून. तीन नंबरापुढे नव्वद, सत्त्याऐंशी. आकडे सगळ्यांसमोर होते. आणि कुठल्या नंबरात काय, हे एकाच माणसाला ठाऊक होतं.

"तिला माहीत होतं," ती म्हणाली.

तिनं फळ्यावरच्या दुसऱ्या फेरीकडे बोट दाखवलं.

"जूनपासून माहीत होतं. को सर, ती काही बोलली नाही?"

"नियम होता ना," को सर म्हणाले. "रोज यायची. बशा धुवायची."

"तिच्या टपरीवरची पाटी," वान-रूनं विचारलं. "ताप पळवणारा चहा म्हणून लिहिलेली. मला वाटलं, वादळात गेली."

तिंग-फानं मान खाजवली. "वादळ कसलं. दुसरी फेरी झाली नि दुसऱ्याच दिवशी मावशी स्कूटरला बांधून घेऊन आली. म्हणाली, कापराचं लाकूड आहे, बशा ठेवायला कर. अक्षरं खाली घालून ठोक, म्हणाली. मी विचारलं, अगं धंदा? तर म्हणे, तहान लागलेली माणसं येतीलच." त्यानं तिच्या हाताखाली बोट दाखवलं.

वान-रू वाकली, गुडघ्यांवर बसली आणि फळीखाली डोकं घालून वर पाहिलं. लाल अक्षरं जागच्या जागी होती. लहानपणी शाळेतून आल्यावर ती या पाटीखाली बसून चहा प्यायची. कडू लागतो म्हणून रडायची, मग आई तिच्या पेल्यात दोन चमचे साखर घालायची. तिच्याच. स्वतःच्या चहात आईनं जन्मात कधी साखर घातली नाही.

थर्मास मोरीत ओतताना चिकट झालेली बोटं तिला आठवली.

"काढून देऊ का फळी?" तिंग-फानं वाकून विचारलं. "घरी न्यायची असेल तर. चारच तर खिळे."

"राहू दे. आहे तशीच."

"मग फळ्यावर काय लिहू?" को सरांनी विचारलं.

"फरक नाही, असं लिहा. खाली तिचं नाव घाला."

खडूचा आवाज सुरू झाला. वान-रू फोन घेऊन जिन्यावर गेली. खाली देवळात कुणीतरी कौल लावत होतं. कौलाच्या लाकडी चंद्रकोरी फरशीवर पडल्याचा आवाज आला. तिकडे मामीनं दुसऱ्याच घंटीला फोन उचलला.

"मामी, तो थर्मास," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य जुळेपर्यंत बोटं एकमेकांवर घासत राहिली. ती कोरडीच होती.