धांदलने उघडलेलं बियाण्याचं दुकान

धांदल म्हणजे त्या घरची धाकटी सून. चहा उकळायच्या आतच गाळायची, म्हणून दिराने थट्टेत ठेवलेलं नाव अख्ख्या वस्तीच्या तोंडी बसलं. तिलाही त्याचं काही वाटत नसे. हाक कळली म्हणजे झालं.

वस्तीत सगळ्यांची रानं टीचभर. कुणाचे टोमॅटो, कुणाची वांगी, धांदलच्या घरी फ्लॉवर. चांगलं बी शहरातल्या दुकानात मोठमोठ्या डब्यांतून यायचं आणि मोठ्या बागायतदारांकडे जायचं. लहान शेतकऱ्यांच्या वाट्याला बाजारातलं सुटं बी. कधीचं, कुठलं, विकणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. खताचीही तीच गत, उघड्या पोत्यात ओल धरून दगड झालेलं. मागच्या हंगामात धांदलच्या फ्लॉवरला पानं आली हत्तीच्या कानाएवढी आणि गड्डा आला सदऱ्याच्या गुंडीएवढा. हंगामभराची मेहनत शेळ्यांनी खाल्ली.

तेव्हा तिने शहरात जाऊन बियाणे कंपनीच्या बाईंना दारातच गाठलं.

बाई म्हणाल्या, "लहान पुड्या भरून देऊ. खताच्याही लहान पिशव्या देऊ. पण विकणारं माणूस तुमच्यातलंच पाहिजे, आणि बी ठेवायला थंड, कोरडी खोली पाहिजे."

"दोन्ही आहे!" धांदल म्हणाली.

घरी आल्यावर थोरल्या जावेने विचारलं, "खोली कुठली गं?"

"मामंजींची."

"त्यांना विचारलंस?"

"आता विचारते की!"

सासऱ्यांची खोली घरातली सगळ्यात गार. दुपारी जेवून ते तिथे आडवे झाले की घरात भांडंसुद्धा वाजवायची सोय नसे. त्यांनी सुनेचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मी आता खताच्या पोत्यावर झोपू?"

"खत पडवीत, मामंजी, फळ्यांवर. तुमच्याकडे फक्त बी. ते बोलत नाही, घोरत नाही."

"मी घोरतो ना. त्याला चालेल का विचार."

यालाच होकार समजून धांदलने त्याच संध्याकाळी फळ्या ठोकायला घेतल्या.

मग बाईंनी तिला बोलावून काम शिकवलं. कोणत्या पिकाला कोणतं खत, किती आणि कधी. "नुसतं पांढरं खत, युरिया, टाकत सुटलं की पानंच पोसतात," असं त्या म्हणाल्या, तेव्हा धांदलला आपल्या रानातले ते हत्तीचे कान आठवले. नुसत्या बियाण्याचा दोष नव्हता तर! शेवटी बाईंनी बजावलं, "नवा माल आला की आधी थोडं बी ओल्या फडक्यात बांधून बघायचं. उगवलं तरच विकायचं."

गाडी आली त्या सकाळी वस्तीत कुणाचा पाय घरात ठरेना. माल उतरवायला नको तेवढे हात लागले. रंगीत पुड्या फळ्यांवर रचल्या गेल्या, तशी खिडकीबाहेर ही झुंबड. वाफे तयार होते, पाणी सोडलेलं होतं. आणि धांदल उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "आज काही मिळणार नाही. आधी उगवू दे."

शेजारचा टोमॅटोवाला म्हणाला, "ऐकलंत का? धांदल आपल्याला थांबायला सांगतेय!"

हशा पिकला, पण काहीजण चिडलेही. "बाजारात असले नखरे नव्हते," म्हणत एकजण तरातरा निघून गेला. धांदल मात्र उंबऱ्यावरून हलली नाही.

फडक्यांच्या पुरचुंड्या सासऱ्यांच्या उशाशी ठेवल्या. त्यांची झोप उडाली ती उडालीच. दर थोड्या वेळाने पाणी शिंपडायचं, गाठ सैल करून डोकावायचं. सून उघडायला आली की तेच दटावत, "अगं, सारखं उघडू नये! गारठतं ते!"

आणि एका सकाळी खोलीतून आरोळी आली, "फुटलं! फुटलं गं!"

धांदल पिठाच्या हातांनीच धावली. टोमॅटोच्या प्रत्येक दाण्याला पांढरा, नाजूक कोंब. पाठोपाठ वांग्यालाही फुटले. पण फ्लॉवरचं फडकं उघडलं तर चार-दोन कोंब आणि बाकी सगळं मुकं. जे बी तिला स्वतःला हवं होतं, नेमकं तेच!

"थोडं थांबून बघ," थोरली म्हणाली. थांबून बघितलं. काही नाही.

धांदलने टोमॅटो, वांगी विकायला काढली, फ्लॉवरच्या पुड्या दोरीने बांधून बाजूला ठेवल्या आणि बाईंना फोन लावला. वाटलं होतं, त्या टाळाटाळ करतील. पण दुसऱ्याच दिवशी बाई स्वतः दारात हजर. त्यांनी फडकं उलगडलं आणि कपाळावर हात मारला. "गाडी वाटेत बंद पडली होती. हा खोका टपावर, उन्हात राहिला असणार. चूक आमची. बरं झालं, विकलं नाहीस." पिशवीतून त्यांनी नव्या पुड्या काढल्या.

"हेही फडक्यात बांधणार हं," धांदल म्हणाली.

"बांध ना! मी सांगितलेलं मलाच ऐकवतेस?" बाई खळखळून हसल्या.

या वेळी असे कोंब फुटले की फडक्याला चिकटून बसले. बातमी शेजारच्या वस्तीत पोचायला वेळ लागला नाही. तरातरा निघून गेलेला गडी सगळ्यांच्या आधी खिडकीशी हजर. मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, फ्लॉवर द्या. आणि कुठलं खत टाकू तेही सांगा." धांदलने पुडी दिली, खत दिलं, आणि दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा सासऱ्यांनी आतून समजावलं.

हंगाम भरात आला तेव्हा दोघी जावा एकदा फ्लॉवरच्या रानात गेल्या. धांदल एका टोकाला, थोरली दुसऱ्या टोकाला. थोरली घरातली सगळ्यात शांत बाई, तिचा चढा आवाज नवऱ्यानेसुद्धा कधी ऐकला नव्हता. तिने वाकून एका झाडाची पानं बाजूला सारली आणि अशी काही किंचाळली की बांधावरचे बगळे उडाले.

"अगं ये! पळत ये! माझ्या दोन हातांत मावत नाहीये गं!"