पाहुणीची जबाबदारी

मुलींचं शिबिर रद्द होणार, असं स्काउट-गाईड पथकाच्या सरांनी जाहीर केलं तेव्हा मी हॉलच्या दारात पोरीचं दप्तर घेऊन उभी होते. पोरगी म्हणजे माझ्या नवऱ्याची मुलगी, बारा वर्षांची. चार वर्षं आम्ही एका घरात राहतोय. ती मला काकू म्हणते आणि अहो-जाहो करते, शेजारच्या बाईला करावं तसं.

सर म्हणजे निवृत्त पीटी शिक्षक. गळ्यात शिट्टी, खिशात नियमांचं पुस्तक, आणि ते पुस्तक तोंडपाठ. मुली मुक्कामाला जाणार तर सोबत रीतसर नोंदणी केलेली बाई हवीच, असं त्यांनी सांगितलं. आधीच्या बाईंची बदली झाली होती. "कोणाची आई तयार आहे का?" सरांनी विचारलं, तशा सगळ्या आया एकाएकी आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागल्या. पोरीने मात्र माझ्याकडे पाहिलं. घराची किल्ली मागण्यापलीकडे तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी हात वर केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग सुरू झाल्या फेऱ्या. फोटो, ओळखपत्र, पोलिसांचा दाखला. शिवाय नात्यात नसलेल्या दोन माणसांनी माझ्या वागणुकीची हमी द्यायची. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. मालकांनी लिहून दिलं, "बाई कामाला चोख, जिभेला तिखट." सरांनी ते दोनदा वाचलं आणि "चालेल" म्हणाले. फॉर्म भरताना त्यांनी विचारलं, "ही मुलगी तुमचीच ना?"

मी तोंड उघडायच्या आत पोरगी म्हणाली, "नाही. मी बाबांची मुलगी आहे."

सर बिचारे पेन हातात धरून बसले. शेवटी त्यांनी "पालक" असं लिहून टाकलं. मला लागलं ते. पण लागलं म्हणून कोणाला सांगणार?

पुढचे रविवार प्रशिक्षणात गेले. तंबू वाऱ्याकडे पाठ करून कसा ठोकायचा, भाजलं तर काय करायचं आणि काय नाही, असलं सगळं. गाठी काही मला जमेनात. तेव्हा संध्याकाळी पोरगी दोरी घेऊन माझ्याशेजारी बसायला लागली. खुर्चीच्या पायाला मी गाठ मारायची, तिने एक हिसका द्यायचा की गाठ सुटायची आणि ही खो-खो हसायची. "काकू, तुम्ही पथकाला बुडवणार!" नवरा सोफ्यावरून उंटावरून शेळ्या हाकल्यासारखा म्हणायचा, "बघ, जमतंय की तुमचं." मी त्याला काही बोलायचे नाही, कारण मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? ते हसणं मिळावं म्हणूनच मी नाव नोंदवलं होतं. पोरांच्या सेवेची मला काही एवढी हौस नाही.

शिबिराच्या आदल्या आठवड्यात पोरीच्या आईचा फोन आला. तिची खरी आई, जी दुसऱ्या शहरात असते आणि वाढदिवसाला कधी येते, कधी येत नाही. शिबिराचं ऐकून ती म्हणे, "अय्या, मी पण येते!" झालं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला बाई तयार.

मी सरांना एकटीच जाऊन भेटले. खरं सांगते, ते नाही म्हणतील अशी माझी आशा होती. पण ते म्हणाले, "नोंदणी झालेल्या बाईंनी जबाबदारी घेतली तर पाहुण्या थांबू शकतात. घेता का तुम्ही?" माझ्या एका नाहीवर सगळं मिटलं असतं. घरी पोरगी जिन्यातच उभी होती. "काय म्हणाले सर?" असं विचारताना तिने माझा हात धरला. नाही कसं म्हणणार होते मी? दुसऱ्या दिवशी जाऊन सरांसमोर जबाबदारी घेतली.

शिबिर तळ्याकाठी होतं. पोरीने स्वतःची गादी आईला दिली, आपण सतरंजीवर झोपणार म्हणाली, आणि दोन्ही अंथरुणं अगदी खेटून घातली. माझं अंथरूण तंबूच्या दाराशी. आई मुलींना मजेमजेच्या गोष्टी सांगत होती, सगळ्यांच्या वेण्या घालत होती. मुली तिच्यावर खूश. मी तिकडे बादल्या मोजत होते, ओल्या लाकडांवर फुंकर मारून डोळ्यांचं पाणी पुसत होते. पोरगी दिवसभरात माझ्याजवळ एकदाच आली, तीही आईसाठी उशी मागायला.

दिवस कलला तशा मुली सरांबरोबर लाकडं आणायला गेल्या. मी चुलीपाशी होते. आई बॅग खांद्याला लावूनच आली.

"अगं, मी निघते. जमिनीवर झोपायची सवय नाही राहिली मला. आणि मैत्रिणीकडे आज सगळे जमलेत."

"तिला भेटून जा. येतीलच एवढ्यात."

"नको, रडत बसेल. तू सांग ना काहीतरी. तुझं ऐकते ती."

माझं ऐकते! मी काही बोलायच्या आत गाडीचं दार लागलंसुद्धा. मला इतका राग आला की हातातली पळी चुलीत फेकावीशी वाटली.

मुली परतल्या आणि थोड्या वेळाने पोरगी सरांच्या स्टोव्हवर केलेल्या चहाचे दोन मग घेऊन आली. "आई कुठाय?"

खरं माझ्या अगदी ओठांवर होतं. ते सांगायची संधी मी चार वर्षं शोधत होते म्हणा ना. पण आई टाकून गेली हे या पोरीने एकदा झेललं होतं, आणि तिच्या हातातल्या चहातून वाफ निघत होती. मी म्हणाले, "गेली. नोंदणी नसलेल्यांना रात्री थांबता येत नाही. नियम आहे. माझ्या आधी लक्षात आलं नाही. मीच तिला जायला सांगितलं."

चहाचे मग तसेच हातात धरून ती थेट सरांकडे गेली. ते सगळ्या मुलींना घेऊन माझ्यापुढे आले. माणूस सज्जन. खिशातून पुस्तक काढूनच आले.

"बाई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. असा नियम नाही. पाहुणीची जबाबदारी तुम्ही माझ्यासमोर घेतली होतीत. त्या खुशाल थांबू शकत होत्या."

मुली माझ्याकडे बघायला लागल्या. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात," ती म्हणाली. "मग आईला का घालवलंत?"

फोन करून त्या बाईला विचार, असं मी म्हणू शकत होते. तिने फोन उचललाही असता, मागे मैत्रिणींचं हसणं ऐकू आलं असतं, आणि पोरीला सगळं कळलं असतं.

"मला आवडत नाही ती," मी म्हणाले. "म्हणून घालवली."

पोरीने मान हलवली. माझं एखादं बोलणं तिला पूर्ण पटावं, हे चार वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. आणि मला ती बाई आवडत नव्हती, यात तर खोटं काहीच नव्हतं.