लोखंडी सागवान

गॅरेजच्या दारासमोर खुर्ची टाकून मिस्त्री सकाळपासून जावयाचं काम बघत बसले होते. चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसावर अशी वेळ येऊ नये. जावई लोखंडी दार नुसतं रंगवत नव्हता, त्याचं सागवान करत होता. फोनवर दोन व्हिडिओ पाहिले होते, रेघा ओढायला एक रबरी कंगवा आणला होता आणि अंगात नवाकोरा एप्रन चढवला होता. एप्रनला खिसे सात. कशाला, देव जाणे.

आत भिंतीला टेकून खऱ्या सागाच्या अकरा फळ्या उभ्या होत्या. लेकीच्या दारासाठी म्हणून मिस्त्रींनी त्या सहा वर्षं वाळवी लागू न देता जपल्या होत्या. आता हात थोडे कापायला लागले होते. एकच दार व्हायचं उरलं होतं आणि ते या घराला लागावं एवढीच त्यांची इच्छा होती. लेकीनं कुणालाच न दुखावता निकाल दिला होता, "बाबा, ह्यांचं रंगवणं जमलं तर हेच दार राहू दे, फळ्या कुणालातरी देऊन टाकू. नाही जमलं तर तुम्ही करा."

म्हणजे आपलंच दार लागणार, मिस्त्रींना खात्री होती.

जावयानं पिवळट अस्तरावर तपकिरी रंग फासला आणि कंगवा या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा ओढला. उभ्या पट्ट्यांवरसुद्धा आडव्या रेघा! वर प्रत्येक चौकोनाच्या बरोबर मधोमध लाकडात असते तशी एक गाठ रंगवलेली, शर्टाला बटणं लावावीत तशी.

"कसं वाटतंय, बाबा?"

"झाड कधी जवळून बघितलंय का, जावईबापू?"

"दार कोण जवळून बघतंय!" जावई हसला. "मी जेवून येतो. रंग ओला आहे, हात लावू नका हं."

हात लावू नका! आणि हे सांगतंय कोण, तर हा गाढव!

मिस्त्रींनी तोंड फिरवलं. त्यांना फक्त गप्प बसून राहायचं होतं. बाकीचं जावयाचा गाढवपणा करणारच होता. पण उभ्या पट्टीवरची ती आडवी रेघ दातात काही अडकावं तशी छळत होती. तेवढी एक नीट करू, म्हणून ते उठले. चिंधीनं रंग पुसला, कंगवा उभा ओढला. मग शेजारची पट्टी बघवेना. मग त्या गाठी. सगळ्या पुसून त्यांनी दोनच ठेवल्या, त्याही कडेला, आणि रेघा त्यांना वळसा घालून नेल्या. हात अजिबात कापला नाही. पाऊण तासानं ते पुन्हा खुर्चीत येऊन बसले, तेव्हा कुठे आपण काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं.

जावई ढेकर देत बाहेर आला आणि जागीच थबकला.

"बघितलंत? वाळताना रंग आपोआप बसतो! व्हिडिओत सांगितलंच होतं."

असल्या माणसाला आपण पोर दिली!

समोरच्या घरातली बाई रस्ता ओलांडून आली, तिनं सुकलेल्या कोपऱ्यावर टकटक करून पाहिलं आणि खण्ण आवाज येताच डोळे विस्फारले. "अगं बाई! मला तर लाकडाचंच वाटलं!"

जावयाची छाती एप्रनमध्ये मावेना. त्याच्यामागून बाहेर आलेल्या लेकीनं मात्र वडिलांकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते खरं."

मिस्त्री दारापाशी गेले. तपकिरी झालेली बोटं त्यांनी मुठीत लपवली. एक चूक पुरली असती. त्यांनी वरपासून खालपर्यंत प्रत्येक पट्टी, प्रत्येक सांधा तपासला. दुसऱ्याच्या कामातली खोट त्यांना लांबून दिसायची, आणि चांगल्या कामाला वाईट ते जन्मात कधी म्हणाले नव्हते.

"चांगलं झालंय," ते म्हणाले.

जावयानं लगेच देऊन टाकायला पहिली फळी खांद्यावर घेतली आणि बाहेर काढताना उंबऱ्यावर आपटली.


"हळू," मिस्त्री म्हणाले. "साग आहे तो."