कुत्रं कुठे गेलं?

आधीच सांगून टाकते, मला राग लवकर येतो आणि जायला वेळ लागतो. त्यामुळे लेकीने बाहुल्यांच्या पेटीला हात लावला तेव्हा मी काय काय बोलले, ते सगळं इथे सांगत बसत नाही. लेक शाळेत शिकवते. तिच्या शाळेत दारातच एक काचेचं कपाट आलं होतं आणि त्यात आमच्या हातबाहुल्या मांडायचं तिने परस्पर ठरवलं होतं. परस्पर म्हणजे माझ्या परस्पर. यांना विचारलं होतं, आणि हे मान हलवून मोकळे झाले होते.

चौतीस वर्षं आम्ही दोघांनी बाहुल्यांचे खेळ केले. पडद्यामागे उभं राहायचं, हात डोक्याच्या वर, हातात बाहुली. राजा यांचा, आवाजही यांचाच. मी यांच्या डाव्या अंगाला एका लाकडी खोक्यावर उभी, कारण पडद्याच्या दांड्या यांनी स्वतःच्या उंचीला बेतलेल्या. हे सहा फूट आणि मी ओढूनताणून पाच. सगळे मला खोकेवालीच म्हणायचे. कुत्रं, वारा, पाऊस, दाराची करकर, जे उरेल ते माझ्या वाट्याला. जाहिरातीच्या कागदावर यांचं नाव ठसठशीत आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘साहाय्य’ म्हणून मी. त्याचं मला कधी काही वाटलं नाही, असं मी लोकांना सांगत आले.

गेल्या वर्षी यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, चालणं काठीवर आलं, पण उजवा हात गेला तो गेलाच आणि जीभ जड झाली. राजाच गप्प झाला म्हटल्यावर खेळ संपला, असं घरात सगळ्यांनी धरून चाललं. मी सोडून.

“पेटी कुठेही जाणार नाही,” मी म्हटलं. “मी एकटी करीन खेळ.”

“एकटी?” हे म्हणाले. शब्द सावकाश येतात आता, पण त्यातला खोचकपणा शाबूत आहे. “खोक्यावरून?”

झालं, माझं डोकं फिरलं. “तीन आठवडे द्या मला. खेळ उभा राहिला तर पेटी माझी. नाही राहिला तर मी स्वतः डोक्यावर घेऊन शाळेत पोचवते.”

“डोक्यावर नको गं आई, मी गाडी आणीन,” लेक म्हणाली. तिला गंमत सुचत होती.

घरात पडदा उभा केला की पंख्याला लागतो. म्हणून मी कलाघरात गेले. ते मूळचं पंपघर. आता सरकारी खर्चाने चालतं आणि ज्यांच्या पाठीशी कुठलीही संस्था नाही अशा कलाकारांना तिथली दालनं वापरायला मिळतात. भिंतींतून मांडीएवढे जाडजूड नळ अजून जातात, त्यांना पिवळा रंग दिलाय. जमिनीवर जिकडेतिकडे रंगीत चिकटपट्ट्यांच्या खुणा, आधीच्या कलाकारांनी आपापला रंगमंच आखलेला. दारापाशी टेबलावर एक चाळिशीची बाई नोंदवही घेऊन बसते. तिने अर्ज पुढे केला. ‘संस्था’ समोर मी ‘नाही’ लिहिलं. ‘एकट्या की संच’ समोर ‘एकटी’ लिहिताना पेन जरा अडखळलं, पण लिहिलं.

नोंदवहीवालीने नियम वाचून दाखवले. दालन तीन आठवडे तुमचं. जाताना झाडून जायचं. दहाव्या दिवशी तासभर दार उघडं ठेवायचं, इमारतीतल्या कुणालाही येऊन बघता आलं पाहिजे. आणि तिसऱ्या शनिवारी लोकांसमोर खेळ.

“शनिवारी तयारी नसली तर?” मी विचारलं.

“तर दालन यादीतल्या पुढच्याला जातं, काकू. आणि तुम्ही यादीच्या तळाला.”

यादी दोन पानं होती. मी कंबर कसली.

आमचा खेळ तसा साधा. राजाचा मुकुट हरवतो. राजा मोठमोठी भाषणं ठोकत सगळीकडे शोधतो, मडक्यांत डोकावतो, आणि मुकुट असतो कुत्र्याच्या बुडाखाली. काखेत कळसा, गावाला वळसा, एवढीच गोष्ट. पण राजाला या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायला लागतं आणि माझं खोकं आपलं जागच्या जागी. खोक्यावरून उतरले की राजा पडद्याच्या वरच्या पट्टीखाली बुडायचा, नुसता मुकुट नसलेला टाळू दिसायचा. मी घरी येऊन म्हटलं, दांड्या वीतभर कापू या.

“दांड्यांना हात लावलास तर याद राख,” हे म्हणाले.

त्या दांड्या यांनी घासूनपुसून केलेल्या, हाताला काचेसारख्या गुळगुळीत लागतात. मी वाद घातला नाही. कलाघराच्या सुतारखोलीतून आणखी दोन खोकी आणली आणि ओळीने मांडली. त्यांवरून पळायचं. पायांकडे बघू की हाताकडे, अशी गत. दोनदा पडले. कोपर निळं झालं ते लांब बाह्यांखाली लपवलं.

त्यात हात दोनच. एक राजाला, दुसरा मडकी उचलायला. यांनी घरबसल्या खुर्चीतून सल्ला दिला. उंटावरून शेळ्या हाकायला हे पहिल्यापासून तरबेज.

“कुत्रं काढून टाक. ती भरती आहे. मुकुट मडक्यात सापडू दे.”

मलाही पटलं. कुत्रं म्हणजे काय, यांच्या जुन्या मोज्याचं शिवलेलं, कानाच्या जागी दोन चिंध्या. काढलं आणि पेटीच्या तळाशी टाकलं.

दहाव्या दिवशी दार उघडं ठेवलं. शेजारच्या दालनातला ढोलवाला आला, वरच्या मजल्यावर नाच बसवणाऱ्या तिघीजणी आल्या, सुतारखोलीतले मिस्त्री आले, नोंदवहीवाली टेबल सोडून आली. लेकीबरोबर हेही आले आणि पुढच्याच खुर्चीवर बसले, हनुवटी काठीवर टेकून. मी खेळ केला. एक शब्द विसरले नाही, एकदाही पडले नाही. आणि कुणीही हसलं नाही. चौतीस वर्षं ज्या ज्या जागी हशा यायचा, त्या त्या जागी ढोलवाल्याची खुर्ची तेवढी करकरली.

पूर्वी पडद्यामागे हशा आला की हे मला कोपराने ढोसायचे आणि हळूच म्हणायचे, “घेतला.” म्हणजे हशा घेतला. ते आठवलं. मी बाहेर आले. सगळ्यांनी सभ्यपणाने टाळ्या वाजवल्या. सभ्य टाळ्यांसारखी वाईट गोष्ट नाही.

“काकू, एक विचारू?” नोंदवहीवाली म्हणाली. “कुत्रं कुठे गेलं?”

“कुठलं कुत्रं?” मी म्हटलं. मला खरंच कळेना.

“मी शाळेत असताना पाहिला होता हा खेळ. राजा बडबडत असतो आणि ते कुत्रं ऐकून ऐकून कंटाळतं. मग पट्टीवर हनुवटी टेकून झोपतं. राजा ओरडला की नुसता एक कान हलवतं. आम्ही पोट धरधरून हसायचो. मी कितीतरी दिवस वर्गात तशी हनुवटी टेकून बसायचे, बाई रागवायच्या.”

“आणि राजा?” यांनी विचारलं.

“राजा काय बोलायचा ते नाही आठवत हो.” तिला बिचारीला काय ठाऊक, ती कुणाला सांगतेय.

मला हसावं की रडावं कळेना. ते कुत्रं झोपायचं, कारण राजाचं भाषण लांबायचं आणि माझा हात भरून यायचा. हात खाली तर घेता येत नाही, म्हणून मी कुत्र्याची मान पट्टीवर टेकवून जरा विसावा घ्यायचे. कान हलायचा तो बोटाला मुंग्या आल्या म्हणून. लोक त्याला हसतात हे मला कुणी कधी सांगितलं नाही. आणि दिसणार कसं? आम्ही दोघांनी आमचा खेळ एकदाही समोरून पाहिला नव्हता.

हे उठले आणि लेकीला म्हणाले, “चल.” माझ्याकडे बघितलं नाही. घरी अर्धंच जेवून उठले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मला यांचं वाईट वाटत होतं आणि स्वतःचा रागही येत होता, की आपल्याला यांचं वाईट का वाटतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दालन उघडून खोकी मांडत होते, तर दारात काठी वाजली. हे एकटेच आले होते. घामाघूम.

“कुत्रं आहे?”

“पेटीत आहे.”

“घाल. आणि कर मोठं भाषण.”

पुन्हा पुढच्याच खुर्चीवर बसले. मी एका खोक्यावर उभी राहिले, उजव्या हातात राजा, डाव्या हातात कुत्रं. राजाचं भाषण यांनीच लिहिलेलं, संपता संपत नाही. अर्ध्यावर डावा हात भरून आला आणि मी कुत्र्याची मान टेकवली, सवयीने. पडद्यापलीकडून एक आवाज आला. मला वाटलं यांना ठसका लागला. मग कळलं, हे हसताहेत. झटक्यानंतर पहिल्यांदा. तोंड एका बाजूने ओढलेलं, त्यामुळे हसूही तिरकं येत होतं, पण थांबत नव्हतं.

हसणं थांबलं. मी पडद्याच्या कडेने डोकावले.

“हे रोज करायचीस?”

“हात दुखायचा माझा.”

“चौतीस वर्षं?”

“चौतीस वर्षं दुखायचाच. तुमचं भाषण कधी आखडलं का?”

“आणि मी म्हणायचो, घेतला.”

“म्हणायचात.”

“तू बोलली नाहीस कधी.”

“मला तरी कुठे माहीत होतं?” मी ओरडलेच. “तुमच्याइतकीच मीही पडद्यामागे. तुम्ही म्हणालात भरती, मीही म्हटलं भरती. माझ्या हातांनी मी त्याला पेटीच्या तळाशी टाकलं.” आणि मग मला रडू आलं, चांगलं ढसाढसा. यांच्यावरचा राग होता, स्वतःवरचा होता, आणि काचेच्या कपाटात ते मोज्याचं कुत्रं कुणी शेवटच्या फळीवर ठेवलं असतं, त्याचाही होता.

यांनी मला रडू दिलं. मग काठी टेकत पडद्यामागे आले. “खाली उतर. दांडीला पाठ लावून उभी राहा.”

मी उभी राहिले. यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि डाव्या हाताने दांडीवर माझ्या डोक्याच्या वर रेघ मारली. रेघ वाकडी आली. पुसली, पुन्हा मारली. पुन्हा वाकडी.

“राहू दे,” मी म्हटलं. “कापताना सरळ करू.”

सुतारखोलीत मिस्त्रींनी वहीत सही घेतली आणि आम्हा दोघांना मोठाले चष्मे चढवले. करवत चालवणाऱ्याने घालायचाच, पण शेजारी उभं राहणाऱ्यालाही सुटका नाही, असा तिथला नियम. त्या चष्म्यात हे घुबडासारखे दिसत होते, पण मी तोंड मिटून घेतलं. यांनी दांडीवर डावा हात रोवला. मी करवत टेकवली आणि पुन्हा उचलली.

“कर,” हे म्हणाले. “मी धरलीय.”

कापलेले दोन्ही तुकडे यांनी उचलले, अंगठा फिरवून पाहिले आणि पिशवीत टाकले.

परत येऊन पडदा उभा केला. मी जमिनीवर, सपाट चपलांत, या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाले. राजा बुडाला नाही. पण एक अडचण उरलीच.

“मडकी कोण उचलणार?” मी म्हटलं. “मला हात दोनच.”

“माझा एक आहे,” हे म्हणाले.

मग आठ दिवस आम्ही घाम गाळला. राजाचा आवाज यांच्यासारखा काढायचं मी सोडून दिलं आणि माझ्याच आवाजात भांडायला लागले. लेक म्हणाली, हा राजा ओळखीचा वाटतो. यांचं मडकं कधी उशिरा यायचं, कधी भलत्याच जागी उगवायचं. मी चिडायचे. हे म्हणायचे, “राजाला म्हण, पुन्हा शोध.” भांडण जुनंच होतं, फक्त बाजू बदलल्या होत्या.

शनिवारी दुपारी नोंदवहीवालीने दारातल्या फळ्यावर लिहायला खडू घेतला. “अर्जात एकटी लिहिलंय, काकू. तेच लिहू?”

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, “खाली साहाय्य लिहा. मी.” आणि थोडं थांबून, “बारीक अक्षरात चालेल.”

दालन भरलं. मागच्या भिंतीला, नळांना टेकून लोक उभे होते. लेक मुख्याध्यापकांना घेऊन आली होती, दोघांची नजर पेटीवर. पडद्यामागे माझं जुनं खोकं उभं करून ठेवलं होतं, आणि ज्याच्यावर मी चौतीस वर्षं उभी राहिले त्याच्यावर हे बसले, माझ्या उजव्या अंगाला, मांडीवर मडकी घेऊन. मी राजा आणि कुत्रं हातांत चढवलं. हात वर केले.

राजाने मुकुट नसल्याचं पाहिलं आणि भाषण सुरू केलं. शांतता. भाषण चाललंय, शांतता. मला दहावा दिवस आठवला, तरी मी बोलत राहिले. डावा हात भरून आला. कुत्र्याने इकडेतिकडे पाहिलं आणि पट्टीवर हनुवटी टेकली.

आधी कुठेतरी मागे एकजण हसला. मग कान हलला आणि सगळं दालन फुटलं. पिवळे नळसुद्धा घुमले.

कोपराने कुणीतरी माझ्या गुडघ्याला ढोसलं. मी खाली पाहिलं. हे एका हातात मडकं धरून वर बघत होते.

“तुझा,” हे म्हणाले.

मी पुन्हा वर पाहिलं. राजाला अजून तीन मडकी बघायची होती.